गस्त कुणाची, वर्दी कुणाची?

आषाढीला पंढरपुरात महाद्वारापाशी घटकाभर थांबा. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे आणि आजूबाजूला बंदोबस्ताचे पोलीस उभे असतात. त्या समाधीचा आणि या खाकीचा जुना संबंध आहे. आपले पोलीसपट तो सहसा सांगत नाहीत.

चोखोबा शेजारच्या मंगळवेढ्याचे. परंपरा सांगते की 1338 साली तिथले गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांसोबत चोखोबाही तिच्याखाली गेले. गावाच्या रक्षणासाठी ते जी भिंत बांधत होते, तिच्या आत त्यांना घर नव्हते.

गस्तीचेही तसेच झाले. गावची रात्रीची गस्त कोण घालत होते? वतनदार महार आणि अनेक गावांत रामोशी. चोराचा माग काढणे, परक्या माणसाची वर्दी पाटलाला देणे, सरकारी खजिना पोचवणे, शिवेची साक्ष देणे ही त्यांची कामे. 1867 च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने या व्यवस्थेचा कारभार पोलीस पाटलाच्या हाती दिला, तर 1874 च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत चाकरी कागदावर पक्की केली. पाटील आणि जागल्या ही आपल्याकडची गस्तीची पहिली जोडी म्हणा. पण यातला एक हुकूम देणारा, दुसरा भाकरी मागून जगणारा!

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांना लष्कर, नौदल आणि पोलिसांत भरतीचा हक्क मागितला. म्हणजे एका हाताने फुकटची राखण मोडायची आणि दुसऱ्या हाताने पगाराची वर्दी मिळवायची. ते ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते, तिने 1930 च्या अहवालात नोंदवले की अस्पृश्य हक्क बजावू लागले की त्यांना उघड हिंसेची भीती असते. अशा वेळी मदतीला येणारा पोलीस कोणत्या समाजातून आलेला आहे, हा प्रश्न मग गौण कसा ठरेल? महार वतने अखेर 1958 च्या कायद्याने संपली. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

आता पडद्याकडे या. 1983 चा गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' हा आपल्याकडचा वास्तववादी पोलीसपटाचा मानदंड. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, ओम पुरींचा अनंत वेलणकर. कोठडीत मारहाणीने एक किरकोळ चोर मरतो आणि कथा फिरते ती मारणाऱ्या अधिकाऱ्याच्या घुसमटीभोवती. घुसमट खरी आहे, चित्रपटही थोर आहे. पण मेलेला माणूस कोण होता, कुठल्या वस्तीतला होता?

अमेरिकेतला 2012 चा डेव्हिड आयर यांचा 'एंड ऑफ वॉच' बघा. लॉस एंजेलिसच्या गस्तीच्या गाडीत एक गोरा टेलर आणि एक मेक्सिकन वंशाचा झवाला. दोघे एकमेकांच्या लग्नावरून, घरच्या समारंभांवरून, वंशावरून दिवसभर थट्टा करतात आणि एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. त्या सिनेमातही पोलीसप्रेम भरपूर आहे. पण फरक आहे, हे तो लपवत नाही. आपल्या जीपमधल्या दोन शिपायांना मात्र जात नसते, फक्त नेमप्लेट असते.

काही मित्र म्हणतील, वर्दीला जात नसते. मग 11 जुलै 1997 आठवा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात आपली 10 माणसे गेली. आणि रोजचे उदाहरण घ्या. वस्तीवर हल्ला झाला की सर्वांत आधी गस्तीवरचे दोन शिपाईच पोचतात. त्यांनी 'किरकोळ भांडण' म्हणून वर कळवले, तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याची लढाई तिथूनच अवघड होते.

आज आरक्षणामुळे त्या दोघांतला एक आपला असू शकतो. मोर्च्यात समोर काठी घेऊन उभा असतो तोही कदाचित तोच, आणि ड्युटी संपल्यावर विहारात येणाराही तोच. त्याच्या मनात काय चालते? सोबती त्याच्याशी कसा बोलतो, वरिष्ठ त्याला कुठली ड्युटी देतात? हा सिनेमा अजून लिहायचा आहे. लिहिणाऱ्या तरुणांनी तो लिहावा. सुरुवात महाद्वारातल्या त्या समाधीपाशी करता येईल.

जय भीम!