बदल कुणी केला, का केला?

पंच कार्डांच्या काळात प्रोग्राम ही हातात धरता येणारी वस्तू होती. एका कार्डावर एक ओळ, कार्डाला ऐंशी रकाने, एका खोक्यात दोन हजार कार्डं. फोरट्रानचा कंपायलर पहिले बहात्तर रकानेच वाचायचा. उरलेल्या ७३ ते ८० या रकान्यांत लोक कार्डाचा अनुक्रमांक टोचून ठेवत, म्हणजे गठ्ठा हातातून सांडलाच तर सॉर्टर मशीनमधून काढून पुन्हा लावता येई. ज्यांना तेवढाही कंटाळा, ते गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मार्करने तिरकी रेघ ओढत. कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघ मोडलेली दिसायची. बॅकअप म्हणजे गठ्ठ्याची दुसरी प्रत टोचून घेऊन कपाटात ठेवणं.

प्रत राहायची, इतिहास राहायचा नाही. ओळ बदलायची तर नवं कार्ड टोचायचं आणि जुनं टोपलीत टाकायचं. तिथे काल काय होतं, कुणी बदललं, कशासाठी, हे बदलणाऱ्याच्या डोक्यात. तो नोकरी सोडून गेला की तेही गेलं. टेप आणि डिस्क आल्यावर यात मोठा फरक पडला असं नाही. फक्त कपाटातल्या गठ्ठ्यांच्या जागी ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’ आणि ‘फायनल_हीच_घ्या’ अशा फाइली आल्या. त्या अजून गेलेल्या नाहीत.

या फाइलींवरचा पहिला खरा तोडगा निघाला अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये. तिथल्या मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’, म्हणजे एससीसीएस, लिहायला घेतली. आधी आयबीएम ३७०वर, स्नोबॉल भाषेत. मग वर्षभरात युनिक्ससाठी पीडीपी-११वर, सी भाषेत. अडचण रोजची होती. एकच प्रोग्राम अनेक ठिकाणी बसवलेला, प्रत्येक ठिकाणची आवृत्ती वेगळी. एकीत दुरुस्त केलेली चूक दुसरीत तशीच. तक्रार आली की आधी हेच शोधायचं, की यांच्याकडे नेमकी कोणती आवृत्ती चालू आहे. शिवाय प्रत्येक आवृत्तीची पूर्ण प्रत ठेवायची तर डिस्क पुरणार नाही, आणि डिस्क तेव्हा भयंकर महाग.

रॉचकाइंड यांनी १९७५च्या डिसेंबरात यावर शोधनिबंध छापला. एससीसीएसची फाइल आतून उघडून पाहिली की डोकं कसं चाललं होतं ते कळतं. मूळ फाइलीच्या नावाआधी ‘एस’ आणि टिंब लावलेली ही एकच फाइल, आणि तिच्यात त्या प्रोग्रामच्या आजवर लिहिलेल्या सगळ्या ओळी. ज्या आहेत त्याही आणि ज्या खोडल्या त्याही, एकमेकींत गुंफलेल्या. मध्ये मध्ये खुणा: इथून पुढच्या ओळी पहिल्या बदलात आल्या, इथून पुढच्या चौथ्या बदलात काढल्या. हवी ती आवृत्ती मागा. मशीन फाइल वरून खाली एकदाच वाचतं आणि त्या आवृत्तीच्या ओळी तेवढ्या उचलून देतं. कालची मागा की पाच वर्षांपूर्वीची, कष्ट सारखेच. खोडलेलं काहीच फेकायचं नाही, आणि तरी जागा थोडी लागते. मला आजही ही युक्ती नंतरच्या पुष्कळ युक्त्यांपेक्षा देखणी वाटते.

त्याच फाइलीच्या माथ्यावर प्रत्येक बदलाची नोंद असते. किती ओळी घातल्या, किती काढल्या, किती तशाच राहिल्या. बदलाचा क्रमांक, तारीख, वेळ, करणाऱ्याचं नाव. हे सगळं मशीन स्वतःच लिहितं. एक ओळ मात्र माणसाकडून मागून घेतं. बदल जमा करायला ‘डेल्टा’ हा आदेश दिला की पडद्यावर प्रश्न यायचा, ‘कॉमेंट्स?’ नुसतं एंटर दाबलं तरी चालायचं, आणि अनेकांनी तेच केलं असणार. पण प्रश्न यायचा. त्याशिवाय ‘एमआर्स?’ असाही एक प्रश्न विचारायची सोय होती: हा बदल कोणत्या मागणीवरून केला, तिचा क्रमांक द्या. प्रशासकाने ठरवलं असेल तर चुकीचा क्रमांक टाकणाऱ्याचा बदल सिस्टिम घेतच नसे. आज जिरा तिकिटाचा नंबर नाही म्हणून ज्यांचा कमिट परत येतो, त्यांनी हा जाच नवा समजू नये.

कुठली आवृत्ती चालू आहे, या मूळ प्रश्नाचं उत्तरही मजेदार होतं. प्रोग्रामच्या पोटात @(#) अशी चार अक्षरांची खूण आणि तिच्यापुढे फाइलीचं नाव व क्रमांक पेरून ठेवायचा. ‘व्हॉट’ हा आदेश कंपाइल झालेल्या फाइलीतसुद्धा ती खूण हुडकतो आणि पुढचा मजकूर दाखवतो.

या मूळ पुरुषापासून दोन शाखा निघाल्या. पहिली बंडखोर. पर्ड्यू विद्यापीठातले वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये ‘आरसीएस’ मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: लोक बहुतेक वेळा ताजी आवृत्तीच मागतात, मग तिच्यासाठी सगळा इतिहास का चाळायचा? त्यांनी ताजी प्रत अख्खी ठेवली आणि तिथून मागे जाण्यापुरते फरक लिहिले. नवं लगेच मिळतं, जुन्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. कुलपाची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखी. मी फाइल बदलायला काढली की मी ती परत जमा करेपर्यंत तुम्ही हात लावायचा नाही. मी कुलूप ठेवून रजेवर गेलो, तर तुम्ही बसा वाट बघत.

हे कुलूप तोडलं ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातले डिक ग्रून यांनी, आणि कारण होतं वेळापत्रकाचं. ते आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एक सी कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याचा काही नेम नाही, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळ मोकळी. कुलपाच्या राज्यात हे तिघं एका फाइलीवर काम करणं शक्यच नव्हतं. म्हणून आरसीएसवर शेल स्क्रिप्टचा थर चढवून त्यांनी ‘सीव्हीएस’ केली. प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, हवं तेव्हा बदलावी, जमा करताना दुसऱ्याचे बदल आपल्यात मिसळून घ्यावेत. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तेवढ्यापुरतंच भांडण मिटवावं. १९८६च्या जूनमध्ये त्यांनी ती सर्वांना देऊन टाकली. ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट आलाय’ ही आजची रडकथा घरोघरी पोचवली ती या सोयीने. पुढे सीव्हीएसच्या उणिवा, विशेषतः नेटवर्क तुटलं की अर्ध्याच फाइली जमा होण्याची, दूर करायला २००० मध्ये ‘सबव्हर्जन’चं काम सुरू झालं. एक शाखा इथवर आली.

दुसरी शाखा शांतपणे वाढत होती. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये लॅरी मॅकव्हॉय यांनी एससीसीएसच्याच फाइलींवर एक अवजार उभारलं, त्याचं पुढे ‘टीमवेअर’ झालं. सन सोडल्यावर त्यांनी ‘बिटकीपर’ काढलं. त्याच्याही पोटात रॉचकाइंड यांचीच गुंफण. या शाखेत नवं एवढंच, पण फार मोठं, की मध्यवर्ती सर्व्हरची सक्ती गेली आणि प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत आली.

लिनक्स कर्नलचे लिनस टॉरवाल्ड्स तोवर यातलं काहीच वापरत नव्हते. जगभरातून ईमेलने पॅच यायचे, ते हाताने लावायचे, मधून मधून अख्खी टारबॉल प्रसिद्ध करायची. सीव्हीएसचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर स्वीकारलं. ते फुकट मिळत होतं, पण मुक्त नव्हतं, आणि फुकट परवान्याला अटी होत्या. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तेव्हापासूनच नाकं मुरडली. मग ‘सांबा’चे लेखक अँड्रू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं स्वतःचं अवजार लिहायला घेतलं, मॅकव्हॉय संतापले आणि २००५च्या एप्रिलमध्ये फुकट परवाना बंद झाला. त्याच महिन्यात कॅनबेरातल्या लिनक्स परिषदेत ट्रिजेल यांनी आपलं ‘गुपित’ उघड केलं. टेलनेटने सर्व्हरला जोडायचं आणि ‘हेल्प’ टाइप करायचं; सर्व्हर स्वतःच आदेशांची यादी देतो.

टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला ‘गिट’ लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवलेला होता. रॉचकाइंड आणि टिची जिथे एकेका ओळीची काटकसर करत होते, तिथे या पहिल्या गिटने फरक ठेवायचं सरळ नाकारलं: बदललेली फाइल अख्खी ठेवायची, दाबून बारीक करायची आणि तिच्या मजकुरावरूनच तिचं चाळीस अक्षरी नाव काढायचं. डिस्क आता स्वस्त होती. (फरक ठेवून जागा वाचवण्याचं शहाणपण दोन-तीन महिन्यांत गिटलाही आलंच.) आणखी एक गोष्ट इथे कडक झाली. शेरा रिकामा ठेवला तर आजचं गिट कमिट घेत नाही. त्यावर आपण ‘फिक्स’, ‘फायनल फिक्स’ किंवा नुसतं टिंब टाकून कमिट मारतो, हा भाग वेगळा.

१६ एप्रिलला लिनक्स कर्नल गिटमध्ये आलं, आवृत्ती २.६.१२-आरसी२ पासून. गंमत अशी, की बिटकीपरमधला तीन वर्षांचा इतिहास हाताशी असूनही टॉरवाल्ड्स यांनी तो आत घेतला नाही. पण का घेतला नाही ते मात्र कमिटच्या शेऱ्यात लिहून ठेवलं: तो सगळा इतिहास साधारण ३.२ जीबीचा होईल, सुरुवातीच्या दिवसांत ते ओझं नको, वाटलं तर नंतर वेगळा संग्रह करू. तसे संग्रह पुढे लोकांनी केलेही. मुख्य भांडारात मात्र आजही कर्नलमधली एखादी जुनी ओळ कुणी लिहिली म्हणून ‘गिट ब्लेम’ विचारलं, तर ‘वन-डी-ए-वन’ने सुरू होणारा तोच कमिट समोर येतो, आणि ओळ कुणाचीही असो, नाव दिसतं टॉरवाल्ड्स यांचं.