पत्ता हरवलेला दगड

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ताडोबा, मार्कंडा, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट अशी नावं निघतात. जुन्या अवशेषांची सहल असली, तर बरोबर माहिती सांगणारं कुणीतरी लागतं. तो माणूस ठिकाण दाखवतो, राजाचं नाव सांगतो, एखादी दंतकथा सांगतो. मुलं ती वहीत उतरवून घेतात आणि डबे उघडायला पळतात. यात वाईट काहीच नाही. पण इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो: हे आपल्याला कशावरून कळलं?

हा एकच प्रश्न हाती घेऊन अर्ध्या दिवसाची सहल कशी करता येईल, ते आपण भद्रावतीच्या उदाहरणाने पाहू. भद्रावती म्हणजे जुनं भांदक. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. इथे बौद्ध गुंफा आहेत, नागाचं देऊळ आहे, जैनांचं पार्श्वनाथाचं तीर्थ आहे, जुने तलाव आहेत. सगळं पाहायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही. म्हणून आम्ही तीनच थांबे निवडले आहेत. त्यांचा क्रमही मुद्दाम ठरवला आहे. आधी जी वस्तू जागची हलूच शकत नाही ती, मग जिचे भाग हलवले तर तिची रचनाच मोडते ती, आणि शेवटी ज्या वस्तू हलल्या आहेत त्या.

पहिला थांबा: विजासन

गावाबाहेरच्या विजासन टेकडीत या गुंफा खोदल्या आहेत. मधली वाट सरळ टेकडीच्या पोटात जाते. ही वाट सुमारे ७० फूट, म्हणजे २१ मीटरच्या आसपास लांब आहे. तिच्या टोकाला गाभारा आणि त्यात बसलेल्या बुद्धाची मोठी मूर्ती. दाराजवळून डावीकडे आणि उजवीकडे आणखी दोन वाटा फुटतात, त्यांच्याही टोकाला बुद्धमूर्ती आहेत.

इथे मुलांना आधी काही सांगू नये. पावलांनी लांबी मोजायला सांगावी, होकायंत्र असेल तर तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहायला सांगावं, आणि जमिनीवर काटकीने आराखडा काढायला लावावा. मग विचारावं: ही गुंफा दुसरीकडून इथे आणली असेल का? मुलं हसतात. पण या हसण्यातच आपला मुद्दा आहे. गुंफा बांधलेली नसते, कोरून काढलेली असते. तिच्या भिंती टेकडीचाच भाग असतात. त्यामुळे इथे, याच जागी, बुद्धाला मानणारे लोक होते, आणि एवढा खडक फोडण्याइतकं मनुष्यबळ व साधनं त्यांना मिळत होती, एवढं आपण छातीठोकपणे म्हणू शकतो. गुंफेचा पत्ता कधी हरवत नाही.

दुसरा थांबा: डोलारा तलावाचा पूल

गावालगतच्या डोलारा तलावात एक बेट आहे आणि तिथे जाण्यासाठी जुना दगडी पूल आहे. जाडजूड दगडी खांबांच्या दोन ओळी, त्यांच्या माथ्यावर आडव्या टाकलेल्या लांब तुळया, आणि त्यावरून वाट, अशी त्याची रचना. जुन्या मोजमापांनुसार पूल १३६ फूट लांब आणि ७ फूट रुंद आहे.

या पुलात कमान नाही. रोमन लोकांनी कमानीचे पूल बांधले. त्यात पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना रेटून धरतात. इथल्या कारागिरांनी खांब आणि तुळई ही रीत वापरली. या रीतीत खांब जवळजवळ का घ्यावे लागतात? खडूचा एक तुकडा घ्या. दोन टोकांना धरून दाबा. तो सहज मोडत नाही. आता तोच तुकडा मधोमध वाकवायचा प्रयत्न करा, चटकन मोडतो. दगडाचंही असंच असतं. तो दाब भरपूर सोसतो, पण ताण सोसत नाही. तुळई वाकू लागली की तिच्या खालच्या बाजूला ताण पडतो आणि तिथून तडा जातो. तुळईची जाडी तीच ठेवून दोन खांबांमधलं अंतर दुप्पट केलं, तर तिच्या स्वतःच्या वजनाने तिला वाकवणारा परिणाम चौपट होतो. म्हणून कारागिराला खांब वाढवणं भाग होतं.

आता मुलांना विचारावं: यातली एक तुळई उचलून शाळेच्या आवारात नेऊन ठेवली, तर तिच्यावरून आपल्याला हे सगळं कळलं असतं का? नाही. तो नुसता एक लांब दगड झाला असता. खांबांमधलं अंतर, तुळईची टेकण्याची जागा, पुलाची रुंदी, ही माहिती दगडांत नाही. ती दगडांच्या एकमेकांशी असलेल्या जागेत आहे.

तिसरा थांबा: भद्रनागाचं देऊळ

भद्रनागाचं देऊळ हे पूजेतलं देऊळ आहे. नागपंचमीला आणि महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी होते. आवारात जुन्या मूर्ती आणि कोरीव दगड पाहायला मिळतात. वरवर पाहिलं तर हा सगळा ठेवा 'या देवळाचा' वाटतो. पण तसं धरून चालता येत नाही.

आपल्या गावाकडे काय होतं ते आठवा. नांगरताना मूर्ती लागली, विहीर खणताना कोरीव दगड निघाला, तर शेतकरी तो टाकून देत नाही. गाडीत घालून आणतो आणि देवळात किंवा पिंपळाच्या पारावर ठेवतो. शेंदूर लागतो, फूल वाहिलं जातं. या श्रद्धेमुळेच हजारो मूर्ती फुटण्यापासून वाचल्या आहेत, हे आपण विसरू नये. फक्त एक गोष्ट वाचत नाही. मूर्ती कोणत्या शेतातून आली, किती खोल होती, तिच्याबरोबर विटा होत्या की खापरं होती, हे कुणी लिहून ठेवत नाही. आणणारा गेला, की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते.

यामुळे काय बिघडतं? ते समजण्यासाठी आता एका चौथ्या वस्तूकडे जाऊ. ती भद्रावतीत नाही.

एका शिलालेखाची गोष्ट

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात सूर्यघोष नावाच्या राजाची हकीकत येते. त्याचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला, आणि त्या दुःखात राजाने बुद्धाचं मंदिर बांधलं. पुढे काळाच्या ओघात ते जीर्ण झालं आणि पांडुवंशातल्या भवदेव रणकेसरी राजाच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला. एका बापाचं दुःख, एक बौद्ध मंदिर, आणि त्याची पुन्हा झालेली उभारणी, इतकं सगळं एका दगडावर आहे.

पण हा दगड मुळात सापडला कुठे? एकोणिसाव्या शतकात तो संग्रहालयात पोचेपर्यंत त्याची नीट नोंद राहिली नाही. तो भांदकचा असल्याचं सांगितलं जाई. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत असत. मायदेशी परतल्यावर १९०५ साली त्यांनी या लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांनीही भांदकच्याच बाजूने मत दिलं. हे मत पटण्यासारखं होतं, कारण भांदकला बौद्ध गुंफा आहेतच. मग लेखातलं मंदिर म्हणजे विजासनची गुंफा, असा मेळ घालणंही सोपं झालं.

त्यात आणखी एक धागा होता. सातव्या शतकात भारतात फिरलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग कलिंगाकडून वायव्येला कोसल देशात गेला, असं त्याच्या प्रवासवर्णनात आहे. हा कोसल म्हणजे अयोध्येकडचा नव्हे, दक्षिण कोसल. त्याची राजधानी कोणती? पुरातत्त्व खात्याचे पहिले महासंचालक अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात या भागात आले, तेव्हा ह्युएन त्संगच जणू त्यांचा गाइड होता. त्याने दिलेल्या दिशा आणि अंतरं जुळवत ती राजधानी चांदा-भांदकच्या परिसरात असावी, असं त्यांनी मांडलं. बौद्ध मंदिराचा हा शिलालेख भांदकचा ठरला, तर या मताला मोठाच आधार मिळत होता.

पुढे नागपूरचेच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी जुन्या नोंदी तपासून हे मत खोडून काढलं. हा दगड भांदकचा नसून आरंगचा आहे, असं त्यांनी मांडलं. आरंग म्हणजे आताच्या छत्तीसगडमधलं, रायपूर जिल्ह्यातलं गाव. पांडुवंशी राजांचं मुख्य क्षेत्रही त्याच बाजूला, महानदीच्या खोऱ्यात होतं. तिथल्या सिरपूरला १९५०च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा मोठे बौद्ध विहार उजेडात आले. ह्युएन त्संगच्या राजधानीचा विचार करताना आता बहुतेक अभ्यासक सिरपूरकडे झुकतात.

या गोष्टीत गावांच्या अभिमानाचा प्रश्न बाजूला ठेवू. शिलालेखाचं एकही अक्षर बदललेलं नाही. तो भांदकचा मानला की पांडुवंशाचं राज्य वर्धेच्या खोऱ्यापर्यंत येतं आणि विजासनच्या गुंफेला राजाचं नाव मिळतं. आरंगचा मानला, की या दोन्ही गोष्टींचा आधार निघून जातो. एका प्रदेशाचा इतिहास एका न लिहिलेल्या ओळीपायी इकडचा तिकडे झाला. ती ओळ कुठली? 'हा दगड अमुक गावी, अमुक जागी मिळाला.'

याउलट भांदकलाच मिळालेला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट पाहा. त्यावर शक ६९४, म्हणजे इसवी सन ७७२, असा काळ कोरलेला आहे आणि दान दिलेल्या गावाचं नावही आहे. त्याने स्वतःचा काळ स्वतःजवळ बाळगला आहे. पण अशा वस्तू थोड्या. बहुतेक खापरं, विटा, मणी, मूर्ती यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. त्यांची जागा हीच त्यांची ओळख.

पाँपेचे दारक्रमांक

जगभर हा धडा उशिराच शिकला गेला. इटलीतलं पाँपे हे रोमन शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १७४८ साली तिथे खणायला सुरुवात झाली, ती प्रामुख्याने राजाच्या संग्रहासाठी सुंदर वस्तू मिळवायला. पुतळे काढले, भिंतींवरची चित्रं कापून नेली. ती कोणत्या खोलीत होती याची काळजी फारशी कुणी केली नाही. पुढे १८६०च्या दशकात जुझेप्पे फिओरेल्ली यांच्याकडे काम आलं. त्यांनी शहराचे विभाग पाडले, विभागांत घरांचे गट केले आणि गटातल्या प्रत्येक दाराला क्रमांक दिला. मातीत गाडलेल्या प्रत्येक घराला असा पत्ता मिळाला. आज पाँपेत अर्ध्या दिवसाची फेरी मारणाऱ्यांना गाइड 'हे बेकरीवाल्याचं घर' असं सांगू शकतो, ते जात्याचे दगड आणि भट्टी जागच्या जागी राहिली म्हणून.

हाच नियम दगडी देवळांच्या दुरुस्तीत पाळतात. मोडकळीला आलेली भिंत सोडवण्याआधी प्रत्येक दगडावर क्रमांक घालतात, नकाशा काढतात. क्रमांक पुसला गेला तर कोरीव दगडांचा ढीग उरतो. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला गेलात, तर तिथलं शिल्पकाम पाहताना हे मुलांना जरूर सांगा. एकेक दगड वरच्या आणि खालच्या दगडाला धरून बेतलेला असतो.

शाळेत काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे सहलीत कुणी काही उचलायचं नाही. खापराचा तुकडासुद्धा नाही. चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. त्यातलं हत्यार जागेवर असेल तर तो पुरावा असतो. खिशात आला की तो नुसता दगड होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गावातल्या जुन्या वस्तूंची नोंदवही. पारावरची मूर्ती, गढीचा दगड, वीरगळ, विहिरीतला कोरीव चिरा, प्रत्येकासाठी एक पान. चित्र, लांबी-रुंदी, आता कुठे आहे, आणि मुख्य म्हणजे आधी कुठे होती. ही शेवटची ओळ पुस्तकात मिळणार नाही. त्यासाठी मुलांनी घरच्या आजी-आजोबांना विचारायचं: "आबा, ही मूर्ती कुणाच्या शेतातून आली?" उत्तर मिळालं, की सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं. खरं कोणतं, ते लगेच ठरवायची घाई करू नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. जमिनीत नाणी, दागिने किंवा तशा पुरलेल्या वस्तू मिळाल्या, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आपल्याकडे भीतीपोटी असं सापडलेलं लपवलं जातं किंवा सोनाराकडे जातं. शिक्षकावर गावाचा विश्वास असतो. 'गुरुजी, असं असं सापडलंय' म्हणून कुणी आलं, तर आधी जागा पाहा, नकाशा काढा, आणि मग त्याच्याबरोबर तहसील कार्यालयात जा.

सहलीच्या शेवटी मुलांना एकच काम द्यावं. भद्रनागाच्या आवारातली कुठलीही एक मूर्ती निवडायची आणि तिच्याविषयी दोन याद्या करायच्या. नुसतं पाहून काय सांगता येतं, ही पहिली. आणि ती कुठे सापडली हे कळलं असतं तर आणखी काय सांगता आलं असतं, ही दुसरी. दुसरी यादी बहुधा लांब होते.