अलिबाग ते विशारद, व्हाया लाहोर

परवा मांडव्याहून लाँचने परत येताना शेजारी एक मुलगी गवसणीतला तंबोरा सांभाळत बसली होती. अलिबागच्या क्लासमधून मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेल्या, आता मुंबईत संगीत घेऊन डिग्री करायचीये. अमेरिकेत दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून मग मोठ्या युनिव्हर्सिटीत जातात ना, तसंच झालं की हे!

आपल्याकडची ही शिडी मात्र बरीच जुनी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं म्हणजे बहुधा गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि ते देतील तेव्हा घ्यायचं. बुवा स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्यांनी वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तकं आणली. १९०८ मध्ये मुंबईत शाळा निघाली, पण इमारतीचं कर्ज फिटेना. शेवटी ती लिलावात गेली. १९३१ मध्ये बुवाही गेले.

त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. हार्डवेअर गेलं, प्रोटोकॉल राहिला! प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार... म्हणून तर अलिबागची मध्यमा आणि पुण्याची मध्यमा एकच.

गोची एवढीच, की या परीक्षांना काय मोल द्यायचं ते विद्यापीठागणिक बदलतं.

"नाही धरल्या तर?" मी विचारलं.

"मग पहिल्यापासून. सा तर लागतोच की," ती म्हणाली.

असो. गेटवे आलं.