घराबरोबर जाणारा वारसाकायदा

मराठी कुटुंब परमुलखांत जाऊन राहिलें म्हणजे आपली भाषा, कुलदैवत व कुलाचार बरोबर नेतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पूर्वीं तें आपला वारसाकायदाहि बरोबर नेत असे, ही गोष्ट थोड्यांच्याच लक्षांत येते.

वारशाच्या बाबतींत सर्वांत अधिक मान्यता पावलेला ग्रंथ म्हणजे 'मिताक्षरा'. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६-११२६) याच्या कारकीर्दींत लिहिली. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या शेजारचें आजचें बसवकल्याण. येथील ही टीका बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानांत प्रमाण ठरली. बंगालनें जीमूतवाहनाचा 'दायभाग' मानिला. दुसरा ग्रंथ नीळकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख'. नीळकंठाचें घराणें मूळचें पैठणचें; त्याचे पणजोबा रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकांत काशीस जाऊन राहिले. नवल असें कीं, काशींत वाढलेल्या या पंडिताचा ग्रंथ काशीपेक्षां गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथेंच अधिक प्रमाण मानला गेला.

प्रांतोप्रांतींच्या कायद्यांत फरक होता, आणि त्याचा खरा भार स्त्रियांवर पडे. पतीनें मनाई केली नसेल तर महाराष्ट्रांतील विधवेस त्याच्या आज्ञेवांचूनहि दत्तक घेतां येई. काशी व बंगालकडे पतीची स्पष्ट अनुज्ञा लागे. मुंबई इलाख्यांत मुलीस बापाची मिळकत मिळाली तर ती पूर्ण मालकीनें मिळे. इतरत्र बहुधा तिच्या हयातीपुरतीच, व तिच्या पश्चात् ती बापाच्या वारसांकडे जाई. तेव्हां नागपूर, सागर किंवा काशी येथें जाऊन राहिलेल्या मराठी घरांतील विधवेचें वा मुलीचें काय व्हावयाचें, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता; तो तिच्या अन्नवस्त्राचा होता.

न्यायालयांनीं याचें उत्तर असें दिलें कीं, हिंदु कुटुंब एका प्रांतांतून दुसऱ्यांत गेलें तरी त्याचा मूळचा कायदा त्याच्याबरोबर जातो. नवीन प्रांताचा रिवाज त्यानें पत्करला असें कोणी म्हणेल, तर तें त्यानेंच सिद्ध केलें पाहिजे. मध्यप्रांतांत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबाच्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १९२० सालीं हेंच तत्त्व सांगितलें. त्यांत एक मर्यादाहि होती: घर सोडतेवेळीं जो कायदा होता तोच बरोबर जातो, मागाहून मूळ प्रांतांत झालेले फेरबदल त्या कुटुंबास लागू होत नाहींत. म्हणून घराणें कोठून व केव्हां आलें, लग्नकार्यें कोणत्या रीतीनें होतात, उपाध्याय कोठचे, यांचा पुरावा मोलाचा ठरे. वंशावळ, वाटणीपत्र, दत्तकपत्र हीं जपून ठेवणाऱ्या घराची बाजू बळकट असे. तीं हरवलेल्या घरास केवळ साक्षीदारांच्या आठवणीवर विसंबावें लागे.

कधीं कधीं स्थलांतर थोड्याच कोसांचें असे. तेरखेडा हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, तर जवळची बार्शी १९४७ पर्यंत इंग्रजी अंमलाखालीं. एका गांवचें कुटुंब दुसऱ्या गांवीं जाऊन राहिलें कीं सरकार बदले, कचेरी बदले, नाणेंहि बदले. परंतु वारशाचा धर्मशास्त्रीय नियम तेवढ्यानें बदलत नसे.

१७ जून १९५६ रोजीं हिंदु वारसा कायदा अमलांत आला आणि प्रांतांचे बहुतेक भेद मावळले. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस वडिलार्जित एकत्र मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतः हक्क मिळाला. परंतु समुद्रापार स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढें जुना प्रश्न नव्या रूपानें उभा आहे. स्थावराचा वारसा सामान्यतः तें जेथें असेल तेथील कायद्यानें ठरतो. म्हणजे गांवाकडच्या शेताचा निवाडा एका कायद्यानें, आणि परदेशांतील घराचा दुसऱ्यानें.

पूर्वीं कायदा घराबरोबर जाई. आतां घरालाच दोन कायद्यांचें भान ठेवावें लागतें. दोन साक्षीदारांसमक्ष सही केलेलें मृत्युपत्र, मिळकतीची नीट यादी आणि वंशावळ यांवांचून मागें राहणाऱ्यांचें रक्षण होत नाहीं. ज्या घरांत हे कागद वेळीं होतात, तेथील विधवेस व मुलांस आपला हक्क मागण्यासाठीं कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत नाहींत.