झुलूंची गाय, लमाणांचा बैल



आज जरा लांब जायचंय, थेट दक्षिण आफ्रिकेला. पण काळजी करू नका, परत बीडलाच यायचंय, आणि तेही उसाच्या फडातून.

झुलू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ढाल, भाला, डोक्यावर पिसं. पिक्चरमध्ये पाहिलेलं असतं तेवढंच. आणि बंजारा म्हटलं की? आरशांचा घागरा आणि गॅदरिंगमधला नाच. मी स्वतः तांड्यावरचा, त्यामुळे हे दुसरं चित्र मला चांगलं माहीत आहे. ते खोटं नाही, पण त्यातनं एक गोष्ट कायम गायब असते, ती म्हणजे जनावर. झुलूंची गाय आणि लमाणांचा बैल. हे दोन समाज एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण दोघांचंही उभं राहणं जनावरांवर होतं, आणि दोघांचीही ती ताकद एकाच इंग्रज राजवटीत गेली. कशी गेली, ते आज बघू.

आधी झुलू

1816 च्या सुमाराला शाका हा एका लहानशा झुलू कुळाचा प्रमुख झाला. पुढच्या बारा वर्षांत त्याने आजूबाजूची कुळं जिंकत, सामावून घेत मोठं राज्य उभं केलं. 1828 मध्ये त्याच्याच भावांनी त्याला मारलं, पण राज्य टिकलं.

या राज्यात सगळं गुरांभोवती फिरायचं. वस्ती गोल, मधोमध गुरांचा वाडा, भोवताली झोपड्या. लग्नात मुलाकडून मुलीच्या घरी गुरं जायची, म्हणजे आपल्याकडच्या हुंड्याच्या बरोब्बर उलट. त्याला लोबोला म्हणतात आणि ही रीत आजही आहे. सैन्याच्या ढालीसुद्धा कातड्याच्या रंगावरून ओळखायच्या. अमुक रंगाची ढाल म्हणजे अमुक पलटण.

22 जानेवारी 1879 ला इसांडलवाना इथे या सैन्याने इंग्रजांच्या छावणीवर हल्ला करून एका दिवसात त्यांची 1300 च्या आसपास माणसं मारली. सगळं जग हबकलं. पण त्याच वर्षी जुलैमध्ये उलुंदीला इंग्रजांनी झुलूंचा पराभव केला आणि राजा सेत्श्वायोला पकडून नेलं.

सिनेमा साधारण इथे संपतो. आपल्या कामाची गोष्ट मात्र इथून पुढे आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. शेजारच्या नाताळ प्रांतात इंग्रजांनी उसाचे मळे लावले होते. (हो, नाताळ म्हणजे तोच शब्द. 1497 च्या ख्रिसमसला वास्को द गामाला हा किनारा दिसला, म्हणून पोर्तुगीज भाषेत हे नाव.) मळ्यांना माणसं हवी होती. पण तिथल्या आफ्रिकी लोकांकडे स्वतःची जमीन होती, गुरं होती. ज्याच्या गोठ्यात गुरं आहेत तो दुसऱ्याचा ऊस तोडायला कशाला जाईल? नाही गेले. मग मळेवाल्यांनी करारावर मजूर आणले, तेही हिंदुस्थानातून. 16 नोव्हेंबर 1860 ला मद्रासहून निघालेलं ‘ट्रुरो’ जहाज डर्बनला लागलं. आज डर्बनमध्ये एवढे भारतीय दिसतात, त्यांची सुरुवात ही.

पुढे झुलूंचाही गोठा रिकामा झाला. झोपडीमागे कर होताच. 1897 च्या सुमाराला बुळकांडीची साथ आली आणि बहुतेक गुरं मेली. 1905 मध्ये नाताळ सरकारने प्रत्येक मोठ्या पुरुषावर एक पौंड डोईपट्टी बसवली. 1906 मध्ये बंबाथा या सरदाराने त्याविरुद्ध बंड केलं. त्यात तीन हजारांच्या वर आफ्रिकी लोक मारले गेले. गांधीजी तेव्हा तिथेच होते. त्यांच्या भारतीय पथकाने जखमी झुलूंची सेवा केली. 1913 मध्ये कायदाच आला आणि देशाच्या सात टक्क्यांच्या आसपास जमीन काळ्या लोकांसाठी ठेवली गेली. मग पुरुष जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत आणि बायका-पोरं गावाकडे. म्हणजे जमीन गेली, गुरं गेली, कर मात्र रोख भरायचा. घर सोडण्यावाचून दुसरा मार्गच ठेवला नाही.

आता लमाण

बीडात एक गोष्ट आधी सांगावी लागते. वंजारी आणि बंजारा हे वेगळे समाज. आज बोलतोय ते बंजारा, म्हणजे लमाण, ज्यांना तेलंगणात लंबाडा म्हणतात. आम्ही स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणतो. लमाण हे नाव लवण म्हणजे मिठावरून आलं असं मानतात, आणि ते पटतं, कारण मीठ आणि धान्य वाहणं हाच धंदा होता. सतराव्या शतकात तावेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की दहा-बारा हजार बैलांचे तांडे रस्त्याने जाताना त्याने पाहिले. विचार करा, गोणी लादलेले दहा हजार बैल! मोगल फौजा या धान्यावर लढल्या. 1803 मध्ये दख्खनमध्ये मराठ्यांशी लढणाऱ्या वेलस्लीची भिस्तही लमाणांच्या धान्यावर होती.

तांड्याचा कारभारही तसाच चोख होता. नायक, कारभारी आणि भांडण मिटवायला नसाब. कशिद्यात ज्या कवड्या दिसतात त्या समुद्रातल्या. बीडपासून समुद्र किती लांब! पण तांडा तिथपर्यंत जायचा, ती त्याची खूण अंगावर राहिली.

मग रेल्वे आली. आता गंमत बघा, बीड शहरात रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला. पण लमाणांचा धंदा तिने दीडशे वर्षांपूर्वीच खाल्ला. मुंबईहून निघालेलं मीठ डब्यात बसलं, मग बैलाला कोण विचारतो? मिठाचा व्यापारही सरकारच्या मुठीत गेला. वर 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. फिरणारा माणूस म्हणजे संशयित. अनेक प्रांतांत बंजाऱ्यांवर तो शिक्का बसला. तो कायदा देशभरातून गेला 31 ऑगस्ट 1952 ला. विमुक्त हा शब्द तिथून आला.

बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. 1956 मध्ये राज्य तीन भागांत वाटलं गेलं आणि एकच समाज तीन रकान्यांत गेला: तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. सीमेपलीकडे दिलेल्या बहिणीच्या लेकराचा दाखला वेगळा, आपला वेगळा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये बीडला निघालेल्या मोर्चामागे हा इतिहास आहे.

आणि ऊस

बैल गेला, जमीन मिळाली ती बहुतेकदा माळरानाची, वर पाऊस बेभरवशाचा. मग रोख पैसा कुठून? मुकादमाची उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे तांडा हलतो आणि पट्टा पडला की परत येतो. ऊसतोडीला बीडमधले सगळ्या जातींचे लोक जातात, हे खरंच. पण लमाणाच्या बाबतीत मला एक गोष्ट टोचते. आजही आपण बैलगाडी जुंपून तांड्याने फिरतो. फक्त तेव्हा बैलावरचा माल आपला होता, आज मोळी कारखान्याची आहे आणि बैल बऱ्याचदा उचलीतून घेतलेला.

मग झुलूंकडून घ्यायचं काय? भाला नाही, भाषा. त्यांचंही सगळं गेलं होतं. पण 1903 मध्ये जॉन दुबे यांनी ‘इलांगा’ हे झुलू वर्तमानपत्र काढलं, आणि 1930 मध्ये त्यांचीच झुलू कादंबरी आली. आज दक्षिण आफ्रिकेत घरात सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा झुलू आहे. तिथलं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं रेडिओ स्टेशन, उखोझी एफएम, झुलूतच बोलतं.

आणि आपली गोरबोली? 2011 च्या जनगणनेत बंजारी आणि लमाणी सांगणारे 48 लाखांच्या पुढे होते, पण ते सगळे हिंदीच्या खात्यात मोजले गेले. आठव्या अनुसूचीत आपलं नाव नाही. तांड्यावरची पोरं फडावर मराठी-हिंदी बोलतात, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी. याडीशी तेवढं गोरबोलीत, तेही अर्धं.

म्हणून यंदा तांडा हलायच्या आत एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा. लेंग्या, तीजेची गाणी, बैलांची नावं, कुठल्या वाटेने कुठे गेले, जे सांगतील ते. मध्ये मराठीत विचारू नका, गोरबोलीतच विचारा. चुकलं तर ते हसतील, हसू द्या, तेही रेकॉर्ड होऊ द्या. दहा मिनिटं झाली तरी पाठवा, पुढच्या एका भागात ती ऐकवू, आणि तो भाग पूर्ण गोरबोलीत असेल.

भेटूया. काळजी घ्या, आणि फडावर असाल तर पाय जपून.