मांकड, विनू

मांकड, विनू : (१२ एप्रिल १९१७ – २१ ऑगस्ट १९७८). भारताचे श्रेष्ठ अष्टपैलू क्रिकेटपटू. संपूर्ण नाव मुलवंतराय हिंमतलाल मांकड. जन्म जामनगर (सौराष्ट्र) येथे. उजव्या हाताने फलंदाजी व डाव्या हाताने मंदगती फिरकी गोलंदाजी ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होत. १९३६-३७ मध्ये रणजी करंडक जिंकणाऱ्या नवानगर संघात ते होते.

दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांच्या कसोटी कारकीर्दीस उशिरा, १९४६ मध्ये लॉर्ड्‌स येथे प्रारंभ झाला. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १,१२० धावा काढून १२९ बळी मिळविले. मद्रास येथे फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध मिळालेल्या भारताच्या पहिल्या कसोटी विजयात त्यांचा मोठा वाटा होता. त्या सामन्यात त्यांनी १२ बळी घेतले. त्यांपैकी ८ बळी पहिल्या डावात ५५ धावांत मिळविले.

मांकड हे व्यावसायिक खेळाडू होते. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी न मिळाल्याने त्यांनी लँकेशरमधील हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला. पहिली कसोटी गमावल्यावर भारताने त्यांना लॉर्ड्‌स कसोटीसाठी बोलावून घेतले. तेथे त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या. ९७ षटके गोलंदाजी केली व पहिल्या डावात ५ बळी घेतले. तरीही भारत ८ गडी राखून पराभूत झाला. त्याच वर्षी दिल्ली येथे पाकिस्तानविरुद्ध एका डावात त्यांनी ५२ धावांत ८ बळी टिपले. १,००० धावा व १०० बळी हा दुहेरी टप्पा त्यांनी २३ कसोटींत गाठला. हा विक्रम १९७९ मध्ये इंग्लंडच्या इयान बोथम यांनी मोडला. जानेवारी १९५६ मध्ये मद्रास येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २३१ धावा काढल्या व पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामीची भागीदारी केली. ही भागीदारी २००८ पर्यंत जागतिक विक्रम ठरली.

तथापि क्रिकेटजगतात त्यांचे नाव एका वेगळ्याच घटनेशी निगडित झाले. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत, चेंडू टाकण्यापूर्वीच धाव घेण्यासाठी रेषेबाहेर गेलेल्या बिल ब्राउन यांना मांकड यांनी धावबाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउन यांना प्रथम ताकीद दिली होती व नंतर याच पद्धतीने बाद केले होते. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतून टीका झाली. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र मांकड यांची कृती नियमास धरून असल्याचे आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट केले. तरीही बाद करण्याच्या या प्रकारास ‘मंकडिंग’ हे हेटाळणीयुक्त नाव रूढ झाले. नियम मोडणारा फलंदाज विस्मृतीत गेला व नियम पाळणाऱ्या गोलंदाजाच्या माथी दोष आला. २०२२ मध्ये नियमावलीत हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या सदरातून ‘धावबाद’ या सदरात हलविण्यात आला.

४४ कसोटींत त्यांनी ५ शतकांसह २,१०९ धावा काढल्या व १६२ बळी मिळविले. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर त्यांनी कसोटीत फलंदाजी केली. सहा कसोटींत ते भारताचे कर्णधार होते. १९५९ मध्ये ते अखेरची कसोटी खेळले. १९७३ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविण्यात आले. त्यांचे पुत्र अशोक मांकड हेही भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.