असईचा सेनापती, ब्रिटनचा पंतप्रधान

१/ सोयगाव तालुक्यातील फर्दापूर आज अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑक्टोबर १८०३ मध्ये येथे ३४ वर्षांच्या एका इंग्रज सेनापतीची छावणी होती. बारा वर्षांनी त्यानेच वॉटर्लूवर नेपोलियनला हरवले. त्याचे नाव आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

२/ जन्म १७६९, आयर्लंडमधील सरदार घराण्यात. त्या काळी ब्रिटिश फौजेत हुद्दे विकत मिळत; आर्थरची बढती थोरल्या भावाच्या पैशाने झाली. १७९० मध्ये तो आयरिश संसदेतही पोहोचला. तोच भाऊ, रिचर्ड, १७९८ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला.

३/ ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची फौज पदरी घेतली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. युद्ध पेटले. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला पडला.

४/ २३ सप्टेंबर. केळणा व जुई नद्यांच्या दुआबात, असईजवळ, मराठ्यांचा तळ होता. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. ये-जा असल्याशिवाय गावे अशी वसत नाहीत, हा त्याचा तर्क खरा ठरला.

५/ विजय मिळाला, पण शिंद्यांच्या कंपूंनी त्याची जबर किंमत वसूल केली. कंपनीकडील सुमारे १,६०० माणसे मृत वा जखमी झाली. इंग्रज फळी पुढे सरकताच मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा मागून डागल्या. ७४ वी हायलंडर पलटण जवळजवळ संपली.

६/ जखमींसाठी अजिंठा गावी इस्पितळ उघडण्यात आले. जवळच्या दरीतील लेणी मात्र इंग्रजांच्या नजरेस पडली ती १८१९ मध्ये.

७/ आडगाव आणि गाविलगड गमावल्यावर तह झाले: भोसल्यांशी देवगावला, शिंद्यांशी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला. अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून दक्षिणेस गोदावरीपर्यंतचा, जालन्यासह, आपला मुलूख शिंद्यांनी सोडला. तो निजामाकडे गेला. जालन्याने निजामी राजवट १९४८ पर्यंत पाहिली, त्यामागे हा तह आहे.

८/ १८२८ मध्ये वेलस्ली पंतप्रधान झाला. १८२९ मध्ये त्याने कॅथलिकांना संसद खुली केली. त्यावरून एका उमरावाशी पिस्तुलांचे द्वंद्वही खेळला. पण मताधिकाराच्या सुधारणेस त्याने कडवा विरोध केला. १८३० मध्ये सत्ता गेली, आणि पुढे लंडनच्या जमावाने त्याच्या वाड्याच्या काचा फोडल्या.

९/ आपली सर्वोत्तम लढाई कोणती, या प्रश्नाला त्याने वॉटर्लू नव्हे, असई असे उत्तर दिल्याचे सांगतात. १८५२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला लंडन लोटले. असईच्या तोफांपाशी अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या गोलंदाजांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. त्यांच्या शौर्याची मोठी साक्ष त्यांच्या शत्रूच्या या उत्तरातच आहे.